तणस तेच, जनावर वेगळे

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर उभ्या असलेल्या इटियाडोह धरणाची ओळख पाणी आणि धान या दोन गोष्टींनी करून दिली जाते. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी गोंदियासह शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील बांध्यांनाही मिळते आणि ज्या वर्षी साठा पुरेसा असतो त्या वर्षी खरिपामागून उन्हाळी धानही घेतले जाते. धान गिरण्यांकडे जाते, तांदूळ बाजारात जातो. मागे जे उरते त्याची मात्र कोणी फारशी मोजदाद ठेवत नाही. ते म्हणजे तणस. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात ज्याला पेंढा म्हणतात तेच हे. जितके धान, जवळपास तितकेच किंवा त्याहून काहीसे अधिक तणस निघते आणि मळणीनंतर घरामागे रचलेले त्याचे ढीग ही या भागातील गुरांची वर्षभराची शिदोरी असते.

या तणसाला हजारो किलोमीटर दूर जपानात वेगळाच मान आहे. जगातील सर्वांत महाग गोमांस ज्या वाग्यू गुरांपासून मिळते, त्यांच्या दावणीत अखेरच्या दीड-दोन वर्षांत वैरण म्हणून मुख्यत्वे भाताचे तणसच टाकले जाते. जपानला ते घरचे पुरत नाही, म्हणून चीनमधूनही आणले जाते. तिकडचे जनावर २८ ते ३० महिन्यांचे होते तेव्हा त्याचे वजन सातशे किलोच्या पुढे गेलेले असते. त्याच वयाचा झाडीपट्टीतला गोऱ्हा नांगराला जुंपण्याच्या तयारीत असतो आणि उन्हाळ्यात त्याच्या बरगड्या मोजता येतात. जात वेगळी आहे हे खरेच. पण केवळ जातीने एवढी तफावत पडत नाही. तणसाच्या जोडीला दावणीत आणखी काय पडते, यावर बरेच काही अवलंबून असते.

चांगल्या प्रतीचे मांस चांगल्या चाऱ्यातून येते, हे वाक्य ऐकायला सोपे आहे. महाराष्ट्रात ते कायदा, बाजार आणि धानाचे अर्थकारण यांत असे गुंतलेले आहे की त्याचे धागे सुटे करून पाहणे आवश्यक ठरते. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मार्च २०१५ पासून राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीस पूर्ण बंदी आहे. म्हशी-रेड्यांची कत्तल सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यानंतर करता येते. म्हणजे महाराष्ट्रात आज ज्याला कायदेशीररीत्या ‘बीफ’ म्हणून विकता येते ते म्हैसवर्गीय जनावरांचे मांस होय. पचनाचे शास्त्र मात्र गाईला आणि म्हशीला जवळपास एकच आहे.

पोट भरते, पोषण होत नाही

गाय-म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटातील पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. माणसाला न पचणारा चारा येथे अब्जावधी सूक्ष्मजीव आंबवून फोडतात. त्यातून जी आम्ले तयार होतात ती जनावराला ऊर्जा देतात आणि हेच सूक्ष्मजीव पुढच्या कप्प्यांत पचून प्रथिने पुरवतात. थोडक्यात सांगायचे तर गाईला चारा घालणे म्हणजे आधी तिच्या पोटातील सूक्ष्मजीवांना जेवू घालणे. हे सूक्ष्मजीव नीट काम करावेत यासाठी एकूण खाद्यात किमान सात टक्क्यांच्या आसपास प्रथिने असावी लागतात.

तणसात ती तीन ते चार टक्के असतात. अडचण इथेच संपत नाही. भाताचे रोप जमिनीतून सिलिका मोठ्या प्रमाणात शोषते. तणस हाताला खरखरीत लागते ते त्यामुळेच. ही सिलिका आणि लिग्निन नावाचा कठीण घटक मिळून तंतूंभोवती जणू कवच घालतात आणि सूक्ष्मजीवांना आत शिरता येत नाही. तणसातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. स्फुरद तर मुळातच कमी असतो. गुरे हाडे, चिंध्या, चपला चघळताना दिसतात, त्यामागे बहुधा ही स्फुरदाची कमतरता असते. त्याला खोड समजून मारझोड करण्यात अर्थ नाही.

परिणाम असा होतो की तणस कोठीपोटात दीर्घकाळ पडून राहते. पोट फुगलेले दिसते, जनावर पुढे खात नाही, धन्याला वाटते की ते तृप्त आहे. प्रत्यक्षात ते उपाशी असते. निव्वळ तणसावर असलेले प्रौढ जनावर स्वतःचे वजनही टिकवू शकत नाही. पावसाळ्यात हिरव्या गवतावर अंगाला लागलेले मांस ते उन्हाळ्यात खर्च करते. दरवर्षी भरायचे आणि दरवर्षी झडायचे, असा हा फेरा आहे. पाच-सहा वर्षे असा फेरा काढलेल्या जनावराच्या मांसाची प्रत काय असेल, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

पूर्वी या भागातील गुरांना जंगलाचा आधार होता. पहाटे गाव-आखरावर गुरे जमवून गायकी ती रानात नेत. गोवारी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. संरक्षित क्षेत्रात चराईला मुभा नसते आणि लगतच्या रानात वाघ-बिबट्याची धास्ती असते. वन्यजीवांच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. परंतु रानातला हिरवा पाला कमी झाला की त्याची जागा दावणीत काहीतरी घेणार, आणि ज्याच्याकडे तणसावाचून दुसरे काही नाही त्याच्या दावणीत तणसच वाढणार.

मांसाची प्रत कशात असते?

जनावराच्या वाढीचा क्रम ठरलेला असतो. मिळालेले अन्न प्रथम जीव तगवण्यासाठी, मग हाडांसाठी, मग स्नायूंसाठी आणि शेवटी चरबीसाठी वापरले जाते. चरबीतही क्रम आहे. आतड्यांभोवतीची आणि कातडीखालची आधी साठते. स्नायूंच्या तंतूंमध्ये विखुरलेली बारीक चरबी, जिच्यामुळे मांसावर संगमरवरासारख्या रेषा दिसतात, ती सर्वांत शेवटी. मांस रसाळ आणि मऊ लागते ते बऱ्याच अंशी या रेषांमुळे. ज्या जनावराचे अन्न पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपते त्याच्याकडून शेवटच्या पायरीची अपेक्षा करता येत नाही.

जपानी शेतकरी नेमकी ही शेवटची पायरी विकत असतो. वाग्यूच्या अखेरच्या टप्प्यातील खाद्यात आठ-नऊ दशांश वाटा मका, बार्ली, गव्हाचा कोंडा, सोयाबीनची पेंड अशा पौष्टिक खुराकाचा असतो. तणस उरलेल्या एक-दोन दशांशापुरते. त्याचे काम पोषण करण्याचे नाही; धान्याच्या भडिमाराने कोठीपोटात आम्लता वाढून जनावर आजारी पडू नये, रवंथ चालू राहावे, यासाठी ते लागते. त्याचा आणखी एक उपयोग आहे. तणसात कॅरोटिन नगण्य असते. हिरव्या गवतातील कॅरोटिनमुळे गाईची चरबी पिवळसर होते, तर तणसावर ती पांढरी राहते. शिवाय कॅरोटिनपासून बनणारे अ जीवनसत्त्व कमी पडले की स्नायूंतील चरबी अधिक साठते, असे तेथील संशोधनातून दिसून आले आहे. हा खेळ धोक्याचा आहे. ते फारच कमी पडले तर जनावर आंधळे होते. बिअर पाजून आणि मालिश करून वाग्यू तयार होते, अशी आख्यायिका आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. खरे श्रेय दावणीतील मोजमापाला आहे.

तणस पडते, हिरवे मिळत नाही, अ जीवनसत्त्वाची वानवा असते. या तिन्ही बाबतींत झाडीपट्टीतील उन्हाळ्यातले जनावर आणि वाग्यू यांची स्थिती सारखीच. एकाला ऊर्जा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, एवढ्या एका फरकाने एकाच्या अंगावर चरबीच्या रेषा उमटतात आणि दुसऱ्याच्या अंगावर बरगड्यांच्या.

चरबीखेरीज आणखी दोन गोष्टी मांसाची प्रत ठरवतात. पहिली वय. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे वयाबरोबर एकमेकांत घट्ट विणले जातात. तरुण जनावरात ते शिजताना विरघळतात, म्हाताऱ्यात विरघळत नाहीत. कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी बोटी चिवट राहते ती यामुळे, आणि कच्ची पपई लावून ठेवण्याची घरगुती युक्ती उपयोगी पडते ती पपईतील पाचक द्रव्य मांसातील प्रथिनांचे हे धागे तोडते म्हणून. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटच्या दोन-तीन दिवसांतील वागणूक. जिवंत स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवलेली असते. कत्तलीनंतर तिचे आम्ल होते, मांसाचा सामू सातच्या आसपासून साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो आणि मांस लालसर, टिकाऊ व मऊ राहते. उपाशी, तहानलेल्या, ट्रकमध्ये कोंबून शेकडो किलोमीटर आणलेल्या जनावराची ही साखर वाटेतच संपलेली असते. मग सामू उतरत नाही. मांस काळसर, घट्ट, कोरडे होते आणि लवकर नासते. वर्षभर उत्तम पोसलेल्या जनावराची प्रतही अशा एका प्रवासात मातीमोल होऊ शकते. जनावराला दयेने वागवणे आणि मांसाची प्रत राखणे या दोन गोष्टी येथे तरी एकाच दिशेने जातात.

म्हशीचे मांस गाईपेक्षा गडद आणि कमी चरबीचे असते. तिची चरबी पांढरी असते, कारण म्हैस कॅरोटिनचे जवळजवळ पूर्णपणे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते. तिचे दूध गाईच्या दुधासारखे पिवळसर नसते ते याचमुळे. भारत या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी आहे. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे पावणेबारा लाख टन म्हैसवर्गीय मांसाची निर्यात झाली आणि तिचे मूल्य २५ हजार ६०० कोटी रुपयांच्या घरात होते. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त हे प्रमुख ग्राहक. या बाजारात भारतीय मांसाला मागणी आहे ती ते स्वस्त आणि चरबीविरहित आहे म्हणून. त्याचा खिमा होतो, सॉसेज होतात, इतर मांसात ते मिसळले जाते. दूध आटलेल्या म्हशी आणि थकलेले रेडे हा या व्यापाराचा मुख्य कच्चा माल. मांसासाठी म्हणून मुद्दाम पोसलेले जनावर त्यात अपवादानेच सापडते.

चाऱ्याचा प्रश्न न्यायालयात

गुरांच्या चाऱ्याचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा निर्णायक ठरला आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. १९५८ मध्ये मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गाईच्या कत्तलीवरील बंदी वैध ठरवली. मात्र दुधाला, ओढकामाला वा पैदाशीला उपयोगी न उरलेल्या बैल-म्हशींवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यामागचे एक प्रमुख कारण चारा हे होते. देशात वैरण अपुरी आहे आणि निरुपयोगी जनावरे ती खाऊ लागली तर उपयोगी जनावरांच्या तोंडचा घास जाईल, असा तो विचार होता.

२००५ मध्ये गुजरातमधील प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय सहा विरुद्ध एक अशा बहुमताने फिरवला. चाऱ्याची परिस्थिती पन्नास वर्षांपूर्वीसारखी राहिलेली नाही, म्हातारा बैलही शेण-गोमूत्राच्या रूपाने उपयोगीच असतो, असे बहुमताचे म्हणणे पडले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या सुधारणा विधेयकावर राष्ट्रपतींची मोहोर २०१५ मध्ये उमटली. त्याआधी १९७६ च्या कायद्यानुसार राज्यात केवळ गाईच्या कत्तलीस बंदी होती आणि बैलाला दाखला मिळू शकत असे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. परराज्यातून आलेले गोमांस बाळगण्यास मनाई करणारे कलम मात्र रद्द केले.

कायदा योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी पुरेसे लिहिले गेले आहे. त्याचा चाऱ्यावर काय परिणाम होतो, यावर त्या मानाने थोडेच. शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल हा पूर्वी एक ठेव होता. सात-आठ वर्षे राबवून झाल्यावर तो विकला की येणाऱ्या पैशांत थोडी भर घालून नवा गोऱ्हा घेता येई. थोडा अंगात असलेला बैल जास्त किमतीला जाई, म्हणून विकण्यापूर्वी महिना-दोन महिने त्याला खुराक देण्यात हित होते. तो शेवटचा बाजार बंद झाल्यावर तो खुराक देण्याचे आर्थिक कारणही संपले. उरला तो प्रपंचातला धर्म, आणि तो गोंदियातला शेतकरी पाळतोही. पण तणसाच्या ढिगाला मर्यादा आहे. दोन बैलांचे तणस चार तोंडांत वाटले की चौघेही अर्धपोटी राहतात.

शेतकऱ्याने यावर आपल्या परीने जे उत्तर काढले ते पशुगणनेत उतरले आहे. देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ मध्ये ६ कोटी ७९ लाख होती, ती २०१९ मध्ये ४ कोटी ७४ लाखांवर आली. यात ट्रॅक्टरचा मोठा हात आहे, सगळा दोष कायद्याच्या माथी मारता येणार नाही. तरीही सात वर्षांत तीस टक्के घट ही लहान गोष्ट नव्हे. दुसरीकडे, राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रत्येकी रोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. जनावर सांभाळायला रोजचा खर्च येतो, याची ती एक प्रकारे अधिकृत कबुलीच म्हणावी लागेल. दावणीला म्हातारा बैल बांधून असलेला शेतकरी मात्र त्या अनुदानात बसत नाही.

वाढवणार कोण?

मग म्हैसवर्गीय जनावरे तरी चांगली पोसून विकता येतील का? कायद्याची वाट तिथे मोकळी आहे, निर्यातीची बाजारपेठ आहे, विदर्भाची स्वतःची नागपुरी म्हैसही आहे. पूर्वी चिखलणीच्या वेळी बांधीत रेडे जुंपत. झाडीपट्टीत त्यांना हल्ये म्हणतात. चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागल्यावर त्यांचे ते काम गेले. आता म्हशीला पारडू झाले की ती पारडी आहे की टोणगा यावर त्याचे भवितव्य ठरते. टोणग्याच्या वाट्याला दूध पोटभर येत नाही, कारण ते दूध विकायचे असते. अनेक टोणगे पहिल्या काही महिन्यांतच जंत, हगवण आणि उपासमारीने दगावतात. त्यांना कोणी मारत नाही. त्यांना फक्त कोणी वाढवत नाही.

हे ओळखून केंद्र सरकारने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात टोणगे वाचवून त्यांचे मांसासाठी संगोपन करण्याची योजना आणली होती. कल्पना बरोबर होती. बऱ्या खुराकावर वाढवलेला टोणगा दिवसाला अर्धा ते पाऊण किलो वजन घेऊ शकतो आणि दीड-दोन वर्षांत विक्रीयोग्य होतो. त्याचे मांस म्हाताऱ्या म्हशीच्या मांसाहून निश्चितच मऊ असते. गणित अडते ते दुसरीकडे. एक किलो वजन वाढवायला साधारण सात-आठ किलो कोरडे खाद्य लागते. बाजारात जो भाव मिळतो तो मांसाच्या वजनाला. कोवळे की जून, चांगले पोसलेले की खंगलेले, याला वेगळा भाव देणारी प्रतवारी आपल्याकडे रुजलेली नाही. जपानमध्ये प्रत्येक धडाची चरबीच्या रेषांवरून बारा पायऱ्यांत मोजणी होते आणि त्यानुसार भाव ठरतो. जिथे दर्जाला पैसे मिळत नाहीत तिथे दर्जासाठी ढेप कोण विकत घेणार?

पोसायचे कसे हे इथल्या माणसाला ठाऊक नाही, असे मात्र मुळीच नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर शंकरपटांचा हंगाम असतो. पटाच्या बैलाची दावण पाहिली की हा समज दूर होतो. ढेप, चुनी, भिजवलेली कडधान्ये, वेळेवर पाणी, अंगाची मालिश, सगळे यथासांग. ज्या घरात शेतीच्या बैलाला तणसावर भागवावे लागते त्याच घरात पटाच्या बैलाची अशी बडदास्त असते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये ती वैध ठरली. शर्यतींबद्दल कोणाचे काहीही मत असो, पटाच्या बैलाला जिंकण्याची किंमत आहे आणि म्हणून त्याला खुराक आहे.

शंभर किलो तणस, चार किलो युरिया

तणसाचे काही करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर पशुपोषण शास्त्राने काही दशकांपूर्वीच दिले आहे. शंभर किलो वाळलेल्या तणसाला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थरावर थर दाबून रचायचे आणि प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवायचे. युरियापासून अमोनिया निघतो, तो कठीण तंतू सैल करतो आणि काही नत्र तणसात मुरते. प्रथिनांचे मूल्य तीन-चार टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांवर जाते, पचनीयता आठ-दहा टक्क्यांनी वाढते आणि जनावर तणस जास्त खाते. नीमलेपित युरियाची ४५ किलोची गोणी गेली काही वर्षे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्या हिशेबाने शंभर किलो तणसाला लागणारा युरिया पंचवीस रुपयांच्या आत येतो. दिवसाला पाच-सहा किलो तणस खाणाऱ्या बैलामागे हा खर्च रोजचा दीड रुपयाही होत नाही.

इतके स्वस्त असूनही ही पद्धत गावोगावी रुजली नाही. कागद, पाणी आणि मजूर एकाच वेळी लागतात, आणि ते नेमके मळणीच्या घाईत. शिवाय भीती आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. युरिया नीट विरघळला नाही किंवा जनावराने त्याचे पाणी प्यायले तर विषबाधा होऊन काही तासांत ते दगावते. सहा महिन्यांखालील वासरांना असे तणस देऊ नये. ढीग उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास उडून जाईपर्यंत ते पसरून ठेवावे लागते आणि सुरुवातीला थोडे थोडे द्यावे लागते. एका घरात एक जनावर मेले की पुढची दहा वर्षे गावात कोणी युरियाचे नाव काढत नाही.

युरियाशिवायही मार्ग आहेत आणि त्यातले काही या मातीतच आहेत. धान कापणीला येण्यापूर्वी उभ्या पिकात ओलीवर लाखोळी फेकण्याची उतेरा पद्धत इथे जुनीच. लाखोळीचे कुटार तणसात मिसळले तर प्रथिनांची तूट पुष्कळ भरून निघते. धुऱ्यावर तूर लावतात, तसेच पाटाच्या कडेला संकरित नेपियर किंवा शेवरी लावता येते. जिथे रब्बीत पाण्याची एखाद-दुसरी पाळी मिळते तिथे बरसीमचा छोटा वाफाही उभा राहू शकतो. आणि गोंदिया हा तर तांदूळ गिरण्यांचा जिल्हा. कोंड्यात बारा-चौदा टक्के प्रथिने असतात, पण त्यात तेलही असते. म्हणून तो तेल काढणाऱ्या कारखान्यांकडे जातो आणि तेलविरहित होऊन पशुखाद्याच्या गोण्यांत परत येतो, तेव्हा त्याची किंमत निराळी असते. पशुखाद्य महागल्याने केंद्राने जुलै २०२३ मध्ये या तेलविरहित कोंड्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. जनावराचे सर्वांत चांगले खाद्य त्याच्याच गावच्या धानातून निघते आणि त्यालाच परवडत नाही, असा हा प्रकार आहे.

तणसाची साठवणही तितकीच महत्त्वाची. उन्हाळी धानाची मळणी मे महिन्यात होते आणि वळवाचा पाऊस मागेच असतो. भिजलेल्या तणसावर बुरशी येते. बुरशीच्या तणसामुळे म्हशींना होणारा देगनाला हा रोग भातपट्ट्यांत परिचित आहे; त्यात शेपटी, कान आणि खुरांकडचा भाग सुकून गळून पडतो. बुरशी लागलेल्या ढेपेतील अफ्लाटॉक्सिन हे विष दुधातही उतरते. चाऱ्यातून माणसाच्या ताटापर्यंत काय पोहोचू शकते, याचा सर्वांत कठोर धडा पुन्हा जपाननेच घेतला. मार्च २०११ मधील फुकुशिमा अणुदुर्घटनेच्या वेळी शेतात उघड्यावर पडलेल्या तणसावर किरणोत्सारी सीझियम बसले. ते तणस गुरांना घातले गेले आणि जुलैमध्ये त्यांच्या मांसात मर्यादेपेक्षा अधिक सीझियम सापडले. फुकुशिमा प्रांतातील गुरे बाहेर पाठवण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. गुरे गोठ्यातच होती. तणस मात्र बाहेर राहिले होते.

पूर्व विदर्भातील कठाणी या गोवंशाला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदणी मिळाली ती २०२३ मध्ये. लहान चणीचे, काटक, धानाच्या चिखलात न अडता चालणारे हे बैल शतकानुशतके याच तणसावर जगत आले आहेत. गाय एका वेतात सुमारे दोनशे ते सहाशे किलो दूध देते. वाग्यूसारखे मांस किंवा मुऱ्हासारखे दूध यांच्याकडून कधीच मिळणार नाही. कमी चाऱ्यावर तगून राहणे हाच त्यांचा गुण आहे. हार्वेस्टरने कापणी होते तिथे तणस तुकडे होऊन बांधीतच पसरते आणि गोळा करणे परवडत नाही म्हणून जाळले जाते. इटियाडोहच्या पाण्याखालच्या बांध्यांत कापणीचे यंत्र जसजसे शिरेल, तसतसा तणसाचा तो ढीगही गृहीत धरता येणार नाही. मळणीआधी गावाने दोन-चार एकरांचे तणस हाताने कापून राखायचे की यंत्रामागून गोळा करणारा बेलर भाड्याने आणायचा, हा निर्णय दर हंगामात ऑक्टोबर संपण्यापूर्वी घ्यावा लागतो.